जोडी पाहिजे

(बेडसे. दिवाळीनंतरचा एक रविवार, दुपार. घरात पाहुणे पोहे खाऊन बसले आहेत. "पोरापोरीला जरा बोलू द्या" असं म्हणून स्नेहल आणि सत्यमला मागच्या खळ्यावर पाठवलं आहे. दोघं भाताच्या भाऱ्यांना टेकून उभी आहेत.)

स्नेहल : हसा तुम्ही. पण विचारलंत म्हणून सांगितलं.

सत्यम : हसलो न्हाई ओ. चिक्कीच्या दुकानातली नोकरी का सोडली, एवढंच विचारलं.

स्नेहल : वाईट असं काही नव्हतं. दिवसभर उभं राहायचं आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, शेंगदाणा देऊ की काजू, चाखून तर बघा. मग झोपेतसुद्धा "चाखून बघा, चाखून बघा" सुरू झालं. कोमल मला हलवून जागं करायची. कोमल म्हणजे माझी धाकटी बहीण. तुम्ही आलात तेव्हा दारात बूट काढत होती ना, ती.

सत्यम : ट्रॅकपँटवाली. घामाघूम झालती.

स्नेहल : दोन्ही वेळ पळते ती. लेण्याच्या पायऱ्या वर-खाली, वर-खाली. जानेवारीत पोलीस भरतीचं ग्राउंड आहे तिचं, म्हणजे पळायची परीक्षा. सहावीत होती तेव्हापासून ठरलंय. दुधाचा पहिला ग्लास तिचा, पंखा तिच्या बाजूला, पहाटे तिच्यासाठी आई उठते. घरात काही बिनसलं की मला ऐकवतात, कोमलकडे बघ. मी रोजच बघते.

सत्यम : चिक्कीनंतर मग काय केलं?

स्नेहल : तळेगावला ठेकेदाराकडून कॉम्प्युटरवर बसले. नुसते आकडे भरायचे. शेजारच्या मुलीचं नाव मला नोकरी सोडताना कळलं. मग बालवाडीत मदतीला गेले. ते आवडायचं, पण मुलं घरी गेली की तिथल्या बाईंना मी डोळ्यांसमोर नको असायचे. नर्सिंगला जावं म्हणून दवाखान्यात बघायला गेले, तर दुसऱ्याला सुई टोचताना बघून मीच खाली बसले. आता हसलात तरी चालेल.

सत्यम : आता हसतो मग. आन् खरं खरं काय करायचंय तुमाला?

स्नेहल : अजून ठरलं नाही. खोटं कशाला सांगू?

सत्यम : हं.

स्नेहल : का हो? नुसतं हं?

सत्यम : न्हाई, बोला तुमी.

स्नेहल : पण ठरवणार आहे. म्हणूनच तुमच्याशी एकटीनं बोलायचं होतं. लग्नाला माझी ना नाही. तुम्ही बरे वाटलात मला. फक्त एक वर्ष हवंय. कस्तुराआत्या म्हणाली, तुम्ही मळवलीला बंगल्यावर मॅनेजर आहात, स्टेशन पायाशी आहे. म्हणजे मला गाडीनं पुण्याला जाता येईल, चार ठिकाणी कामं करून बघता येतील. वर्षात नाही सापडलं तर मी गप्प घरात बसेन, पुन्हा नाव काढणार नाही.

सत्यम : मॅनेजर म्हणाली मावशी?

स्नेहल : नाही आहात?

सत्यम : ते सांगतो. आधी मला सांगा, असं शोधायचं डोक्यात कुणी घातलं? मंजी, सापडत न्हाई तर माणूस सोडून देतो की.

स्नेहल : सोडलंच होतं. पण महिन्यापूर्वी एक ताई आल्या होत्या इथं. आत्या कामाला आहे त्या बंगल्यावर पाहुण्या आलेल्या, लेणी बघायला म्हणून आत्या त्यांना घेऊन आली. पांढरे केस, अगदी बारीक कापलेले. गळ्यात कॅमेरा. पण लेण्याकडं गेल्याच नाहीत. म्हणाल्या, गुडघे नको म्हणतात, मी इथंच बसते पोरीशी गप्पा मारत.

सत्यम : काय गप्पा मारल्या?

स्नेहल : तुम्हाला कशाला सांगते आहे मी हे सगळं! पण सांगते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "स्नेहल, तुला कुणी अडवणारच नसेल, तर तू काय करशील?" बावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. कधी करणार, किती दिवस करणार, एवढंच विचारतात सगळे. मला रडूच आलं. म्हटलं, ताई, मला माहीतच नाही. अजून ठरलं नाही. तर केवढं गोड हसल्या! म्हणाल्या, काही घाई नाही. रोज संध्याकाळी डोळे मिटून बसायचं आणि आठवायचं, आज दिवसभरात मी घड्याळ कधी विसरले. तिथंच तुझं काम आहे.

सत्यम : आन् तुमी बसता?

स्नेहल : रोज. कोमल चिडवते, ताईचं ध्यान लागलं म्हणून. चिडवू दे. आणि परवा मला सापडलं बरं का थोडंसं. पूर्ण नाही. टोक दिसल्यासारखं.

सत्यम : त्यांच्या हातनं चहा सांडला का हो त्या दिवशी?

स्नेहल : कुणाच्या?

सत्यम : त्या ताईंच्या. वसरीवर. कप कलंडला, चहा खाली.

स्नेहल : हो. सतरंजीवर. आत्यानं सांगितलं वाटतं?

सत्यम : कुणी पुसला?

स्नेहल : मीच. त्या उठायच्या आत पुसून घेतला. पाहुण्यांना पुसायला लावणार का?

सत्यम : आन् बाथरूमला गेल्या असतील. वेळ लावला असंल.

स्नेहल : सत्यम, तुम्ही काय बोलताय? तुम्ही ओळखता का त्यांना?

सत्यम : त्या आमच्या मॅडम.

स्नेहल : कुठल्या मॅडम?

सत्यम : बंगल्याच्या. मी ज्या बंगल्यावर हाय, त्याच्या मालकीण. लेणी त्यांनी धा वेळा बघितल्यात. गुडघं ठणठणीत हायेत, रोज पहाटे भाज्याच्या धरणापर्यंत चालत जात्यात. त्या तुमाला बघायला आलत्या.

स्नेहल : मला? कशासाठी?

सत्यम : कामाला.

स्नेहल : मला नाही कळलं.

सत्यम : मी मॅनेजर न्हाई. केअरटेकर हाय. आमच्याकडं बंगल्यावर एकटा माणूस ठेवत न्हाईत. एकटी बाई तर न्हाईच न्हाई. जोडी ठेवत्यात. नवऱ्यानं गेट, गार्डन, स्विमिंग पूल, जनरेटर बघायचा. बायकोनं किचन, चादरी, बाथरूम. मागं एक खोली देत्यात राहायला. जोडी तुटली की दुसरी जोडी आणत्यात. ह्या पट्ट्यात सगळीकडं अशीच पद्धत हाय, तुमच्या आत्याला इचारा.

स्नेहल : मग आत्तापर्यंत तुमचं कसं चाललं होतं? तुमचं तर लग्न नाही.

सत्यम : माझा भाऊ आदिनाथ आन् वहिनी, ती जोडी व्हती. मी आन् आई त्यांच्या जिवावर राहत व्हतो, मी वरची कामं करायचो. वहिनीला ब्युटी पार्लर टाकायचं व्हतं. मॅडमनीच तिचं कौतुक केलं. गेस्टच्या बायका आल्या की भुवया कर, मेंदी काढ, शिकून घे. वहिनी शिकली. सहा महिन्यांत तळेगावला गाळा बघितला आन् आदिनाथला घिऊन गेली. ऐन पावसाळ्यात. शनिवारी बंगला फुल्ल, आन् किचनमधी कुणी न्हाई.

स्नेहल : पुढं?

सत्यम : पुढं आई करते वहिनीच्या वाटणीचं. तिच्या हाताची बोटं वाकडी झाल्यात, पोळपाट धरवत न्हाई. गणपतीत गेस्टच्या ताटात ताक सांडलं. मॅडम काय वरडल्या न्हाईत. त्या वरडत न्हाईत कधीच. म्हणाल्या, सत्यम, थर्टीफर्स्टच्या आत बायको आण, न्हाईतर खोली मोकळी कर, मी दुसरी जोडी बघते. आन् ह्या येळंला पोरगी मी बघणार, तुझी आई न्हाई.

स्नेहल : त्यांनी माझा हात हातात घेतला होता.

सत्यम : हात बघितला असंल.

स्नेहल : नाही हो. प्रेमानं घेतला होता. तुम्ही नव्हतात तिथं.

सत्यम : कामाचा हात हाय का, ते बघत्यात त्या; चहा सांडणं, बाथरूम बघणं, समदं त्यासाठीच. आईचा पण बघितलावता.

स्नेहल : मग ते विचारलं कशाला? चादरीच बदलून घ्यायच्या होत्या तर चादरी बदलता येतात का विचारायचं. कुणी अडवणारं नसेल तर काय करशील, हे कशाला विचारायचं?

सत्यम : तुमच्या आधी तीन पोरी बघितल्या त्यांनी. सगळ्यांना त्येच विचारलं. वाकसईच्या पोरीला बँकेची परीक्षा द्यायची व्हती. कुरवंड्याच्या पोरीला केकचं दुकान टाकायचं व्हतं, तिनं तर फोनमधले फोटो बी दाखवले. तिसरीला टीचर व्हायचं व्हतं. मॅडमनी तिघींचं लय कौतुक केलं, चहा घेतला आन् उठल्या. तुमी म्हणालात, अजून ठरलं न्हाई. गाडीत बसताना मावशीला म्हणाल्या, ही चालेल.

स्नेहल : का?

सत्यम : जिला काय करायचंय ते ठाऊक असतंय ती ऱ्हात न्हाई, म्हणून. तुमाला ठाऊक न्हाई. तुमी ऱ्हाल.

स्नेहल : आणि ते घड्याळ विसरण्याचं?

सत्यम : ते त्या गेस्टना सांगत असत्यात. शिबिरं असत्यात बंगल्यावर, पुण्या-मुंबईची माणसं येत्यात, लॉनवर गोल करून बसत्यात. नोकरीला कंटाळलेली. त्यांना तेच शिकवत्यात. सवयीनं तुमाला बी सांगितलं असंल.

स्नेहल : महिनाभर मी डोळे मिटून बसतेय.

सत्यम : मी सांगणार नव्हतो. मावशीनं शपथ घातलीवती. पण तुमी वरीस मागितलं. लग्न झाल्यावर कळलं असतं तर तुमी मला शिव्या घातल्या असत्या.

स्नेहल : आता काय घालू?

कस्तुराबाई : काय गं, झालं का न्हाई? आत समदी खोळंबल्यात. सत्यम, तुझा मामा चपला शोधाय लागला.

स्नेहल : आत्या, त्या पांढऱ्या केसांच्या बाई कोण होत्या?

कस्तुराबाई : सांगितलंस व्हय रं? जीभ हाय का काय तुझी! गपचिप ऱ्हा म्हणलं व्हतं ना तुला?

सत्यम : मावशी, कधी ना कधी कळणारच व्हतं.

कस्तुराबाई : कळू दे की मग, हळद लागल्याव. त्या मॅडम व्हत्या बाई, सत्यमच्या बंगल्याच्या. मीच आणली तिला. मंग? चोरी केली का मी?

स्नेहल : माझ्यासमोर बसून तू हसत होतीस. मी रडले तेव्हा तू पदरानं माझे डोळे पुसलेस.

कस्तुराबाई : पुसलं. रडत व्हतीस म्हणून पुसलं. तुला काय विचारलं एवढं गं तिनं? दोन गोड सबुद बोलली. मला तर कुनी तेवढं बी बोललं न्हाई. माजं लगीन झालं तवा मला माहीत बी नव्हतं मळवली कुटं हाय. ह्यांचं कमरंचं गेलं त्याला आठ वरसं झाली, खाटंवरनं उठत न्हाईत. तरी माझ्या बंगल्याचा सेठ आला की मी त्यांना टोपी घालून गेटापाशी खुर्चीत बसवती. का? जोडी दिसली पायजे. गेट मी उघडती, गवत मी काढती, पोळ्या मी लाटती. आन् तू मला सांगतीस, डोळं मिटून बसले व्हते!

स्नेहल : मला वर्ष हवं होतं आत्या. एकच.

कस्तुराबाई : कशाला? सांग की. ह्यो समोर हुबा हाय, मी हाय. कशाला पायजे वरीस?

सत्यम : मावशी, मी काय म्हणतो. तुमी एक नाव सांगा स्नेहल. कायबी सांगा. नर्स म्हणा, टीचर म्हणा. मी आत जाऊन तुमच्या वडलांना सांगतो, पोरीला हे व्हायचंय, मॅडमला न्हाई चालणार. विषय मिटला. तुमच्यावर कुणी बोट ठेवणार न्हाई.

कस्तुराबाई : हां, सांग. परवा सापडलं म्हणत व्हतीस ना तुझ्या आयला? मला समदं कळतंय. काय सापडलं?

स्नेहल : तू हसशील.

कस्तुराबाई : न्हाई हसत.

स्नेहल : खालच्या आळीतली बयाबाई दुपारची येऊन बसते इथं. सून तिच्याशी बोलत नाही. परवा ती तिच्या गेलेल्या मुलाचं सांगत होती. तेच तेच सांगते ती, सगळे उठून जातात. मी बसले. मध्येच एखादं विचारायचे, की ती आणखी मागचं काहीतरी सांगायची. शेवटी म्हणाली, आज पहिल्यांदा माझ्या छातीवरचा दगड हलला. तिनं असं म्हटलं तेव्हा मी बाहेर बघितलं, तर अंधार पडलेला. म्हशी कधीच परत आल्या होत्या. मला कळलंच नव्हतं.

कस्तुराबाई : मंग?

स्नेहल : एवढंच. तेव्हा मी घड्याळ विसरले.

कस्तुराबाई : म्हाताऱ्या बायांची रडगाणी ऐकायची नोकरी! सत्यम, आयकलंस का? कोण देतंय रं असली नोकरी? कुटं फलक लागलाय का?

स्नेहल : म्हणाली होतीस हसणार नाही.

कस्तुराबाई : हसू नगं तर काय करू? शेतं पडल्यात, घरात धुनं पडलंय, आन् ही बयाबाईची गाऱ्हाणी ऐकत बसती!

सत्यम : असं काम असतंय का पण कायतरी? नुसतं ऐकायचं?

स्नेहल : मला काय माहीत. असेल तर त्याला काय म्हणतात, त्याला कुठं शिकवतात, हेच शोधायला वर्ष हवं होतं.

सत्यम : मग मी आत जाऊन काय सांगू? त्याला नाव पायजे ना.

स्नेहल : नाव नाही.

सत्यम : टीचर सांगू का?

स्नेहल : नको. आबा विचारतील, कधी व्हायचंय टीचर, कुठल्या कॉलेजात जाणार. उद्या सकाळी विचारतील. मी काय सांगू?

कस्तुराबाई : झालं तर. चल आत. पदर नीट कर.

स्नेहल : मी येत नाही. आबांना सांग, मला हे लग्न नको.

कस्तुराबाई : आबानं हो म्हणून टाकलंय. चांगलं घर, चांगला पोरगा, दारू न्हाई, तंबाखू न्हाई. खोली पक्की, लाईट फुकट. काय वाईट हाय?

स्नेहल : त्यांना माहीत आहे, मी तिथं काय करायचं ते?

कस्तुराबाई : बायकू जे करती तेच करायचं! घरी करती ते तितं करायचं.

स्नेहल : मी येत नाही म्हटलं ना.

कस्तुराबाई : बरं. नगं यिऊस. पण एक आयक. मॅडम आन् माझ्या सेठाची बायकू, दोघी एकत्र चहा पित्यात. मी मॅडमला शबूद दिलाय, माझ्या भावाच्या घरातली पोरगी देते. उद्या म्हणाली, कस्तुरानं फशीवलं, तर मी आन् खाटंवरचं माणूस, कुटं जायाचं? शबूद म्या घरातल्या पोरीचा दिलाय. स्नेहल म्हणून न्हाई दिला. ह्या घरात पोरी दोन हायेत.

स्नेहल : कोमल?

सत्यम : मावशी, असं काय बोलता? ती ल्हान हाय.

कस्तुराबाई : एकुणीस पुरी झाल्यात. मी बाळंतपणाला व्हते.

स्नेहल : तिला पोलीस व्हायचंय, आत्या. आख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुझ्या त्या मॅडम पहिल्या प्रश्नालाच उठून जातील.

कस्तुराबाई : मॅडम काय गावात राहती का? काय बोलायचं ते शिकवून ठिवीन मी. तुझा बाप बी नगं म्हणायचा न्हाई, भरतीत लागली न्हाई तर काय करायचं म्हणून त्यो रातभर कूस बदलतो. म्या एक सबुद टाकला की झालं. पण म्या टाकणार न्हाई. कारण मला ठाऊक हाय, तू तसं व्हवू द्यायची न्हाईस. तू थोरली हायेस. त्या पोरीनं तीन वरसं पायाची सालं काढल्यात.

स्नेहल : कोमलला माहीत होतं का?

कस्तुराबाई : काय?

स्नेहल : त्या बाई कोण आहेत ते. त्या दिवशी ती घरी नव्हती. ती दुपारची कधी पळायला जात नाही, उन्हात. त्या दिवशी गेली होती.

कस्तुराबाई : असूं दे आता.

स्नेहल : आत्या, माहीत होतं का तिला?

कस्तुराबाई : आदल्या दिशी सांगितलं व्हतं मी. दोघींना बघंल म्हणलं, बरी कापडं घालून ऱ्हावा. तर म्हणली, मला नगं बाई, मी लेण्यावर जाती पळायला.

स्नेहल : मला का नाही सांगितलं तिनं?

कस्तुराबाई : मीच नगं म्हणलं.

स्नेहल : आणखी काय म्हणाली ती?

कस्तुराबाई : काय बी न्हाई. पोर हाय ती.

स्नेहल : काय म्हणाली?

कस्तुराबाई : म्हणली, ताईचं करा. ताईला कुटं काय करायचंय.

सत्यम : मावशी, चला आपण आत. मी सांगतो मामाला, जमलं न्हाई म्हणून. बघू पुढचं पुढं.

स्नेहल : थांबा. असंच म्हणाली? ह्याच शब्दांत?

कस्तुराबाई : अगं, वाईट मनानं न्हाई म्हणली. बूट बांधता बांधता बोलून गेली.

स्नेहल : मग तिला दाखवा.

कस्तुराबाई : काय?

स्नेहल : कोमलला दाखवा. आत पाहुणे बसलेच आहेत. तेवढ्यासाठी पुन्हा पोहे करायला नकोत.

कस्तुराबाई : भानावर हायेस का? मी आपलं तुला भ्या घालायला बोलले.

स्नेहल : मला भीती वाटली. म्हणूनच सांगतेय. मला वर्ष पाहिजे आणि तुला पोरगी पाहिजे.

सत्यम : आन् जानेवारीतलं ग्राउंड?

स्नेहल : तिचं ठरलेलं आहे ना सगळं? ज्याचं ठरलंय तो कुठंही गेला तरी करतो. बंगल्यावर लॉन आहे म्हणालात. पळेल सकाळची.

सत्यम : लॉनवर गेस्ट असत्यात.

स्नेहल : मग नाही पळणार.

कस्तुराबाई : स्नेहल, सख्खी भैन हाय गं तुजी. एका ताटात जेवलात. तिला कळलं तर जलमभर तुझं तोंड बघायची न्हाई.

स्नेहल : तिनं माझं भलं बघितलं तसंच मीही तिचं बघेन. आत्या, तू मॅडमना घेऊन ये परत. कोमलला काय शिकवायचं ते मी शिकवते. तिची मेडलं भिंतीवरून काढून पेटीत घालू. बूट मी शेजारी ठेवून येते. चहा सांडला की उठायचं नाही, आधी पुसायचा, हेही सांगते. तिला ते सुचायचं नाही.

सत्यम : मी काय बाजारात आलोय का? ही न्हाई तर ती! मला बी काय वाटत असंल का न्हाई?

स्नेहल : वाटतंय का? बोला. तुम्ही नाही म्हणा. तुम्ही आत जाऊन सांगा, मला धाकटी नको. मी ऐकते.

कस्तुराबाई : बोल की रं. तुझ्या आयची बोटं वाकडी झाल्यात, थर्टीफस्ट तोंडाव आलाय. खोली मोकळी करून तिला घिऊन कुटं जाशील? आदिनाथच्या पार्लरात?

सत्यम : वहिनी घ्यायची न्हाई तिला.

कस्तुराबाई : मंग बोल. न्हाई म्हण. तू न्हाई म्हणलास तर मी तुझ्या पाया पडंन. ह्या पोरीच्या डोक्यातनं तरी निघंल.

सत्यम : स्वयंपाक येतो का तिला?

स्नेहल : येतो. माझ्यापेक्षा बरा करते. फक्त तिला कुणी कधी करायला लावत नाही.

कस्तुराबाई : द्येवा रं. मी न्हाई हाक मारायची तिला. माझी जीभ रेटायची न्हाई.

स्नेहल : तू नको मारूस. कोमल! ए कोमल! अगं, तांब्याभर पाणी आण बाहेर, पाहुण्यांना तहान लागलीय. आणि ती ट्रॅकपँट बदलून ये.